दोन चुलींचे कुटुंब : मुंबईचा गिरणी कामगार आणि त्याचे गाव

महाराष्ट्रातील कुटुंबसंस्थेविषयी वर्तमानपत्री लेखांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत एकच विधान थोड्याफार फरकाने आढळते : पूर्वी एकत्र कुटुंबे होती, पुढे कारखाने आले, माणसे शहरांत गेली आणि कुटुंबे विभक्त झाली. या विधानात काळाचा क्रम आहे, कारण आहे, आणि बहुतेक वेळा हळहळही आहे. पुरावा मात्र क्वचितच असतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबलेल्या मराठी माणसाचे कुटुंब हे या विधानाची पारख करण्यास सर्वांत सोयीचे उदाहरण ठरावे, कारण कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली तेव्हापासून १९८२ च्या संपापर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे, या कुटुंबाचा आणि कारखान्याचा रोजचा संबंध होता, आणि कारखान्याने कुटुंब मोडायचेच असते तर ते येथे मोडायला हवे होते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की गिरणगावातील कामगाराच्या कुटुंबाला एकत्र वा विभक्त यांपैकी कोणतेही नाव लागू पडत नाही. ते दोन चुलींवर चालणारे एकच कुटुंब होते, जमीन आणि रोकड या दोहोंची गरज असल्यामुळे ते एक राहिले, आणि ते एक राखण्याचे बहुतेक काम गावात मागे राहिलेल्या स्त्रीने केले.

औद्योगिक समाजाला लहान, सुटसुटीत, जागा बदलण्यास मोकळे असे पती-पत्नी-मुलांचे कुटुंबच मानवते, हा विचार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडला, आणि विल्यम गूड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अनेक देशांतील माहितीच्या आधारे त्याचा विस्तार केला. गूड यांनी पुष्कळ सावधगिरी बाळगली होती. त्यांच्या वाचकांनी ती बाळगली नाही. भारतात याच सुमारास चाललेला विचार वेगळ्या वाटेने जात होता. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली त्यांत एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, मालमत्ता सामाईक असणे, कुलधर्मात एकत्र भाग घेणे आणि विशिष्ट नात्याने परस्परांशी बांधलेले असणे यांचा समावेश होतो. ही लक्षणे एकाच वेळी एकाच ठिकाणी सापडतील असे गृहीत धरले की अडचण सुरू होते. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावाच्या अभ्यासात, जो १९६४ मध्ये ग्रंथरूपाने आला, असे दाखवले की वेगळे राहणारी कुटुंबेही मालमत्ता, देणीघेणी आणि कर्तव्ये यांच्या धाग्यांनी एकमेकांशी जोडलेली असतात आणि केवळ घर वेगळे झाले म्हणून एकत्रपणा संपत नाही. ए. एम. शाह यांनी तर ‘घरटे’ आणि ‘कुटुंब’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरावेत असा आग्रह धरला. घरटे म्हणजे एकत्र राहणाऱ्या व जेवणाऱ्या माणसांचा गट. कुटुंब म्हणजे नात्याचा, हक्काचा आणि जबाबदारीचा गट. जनगणना घरटी मोजते. त्या आकड्यांवरून कुटुंबाविषयी निष्कर्ष काढण्याची सवय मात्र मराठी लेखनातून अद्याप गेलेली नाही.

मुंबईच्या बाबतीत हा भेद किती महत्त्वाचा आहे हे जनगणनेच्याच आकड्यांवरून कळते. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील दर पाच माणसांपैकी चारांहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली होती, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा सर्वाधिक होता; त्यांच्या पाठोपाठ सातारा, पुणे, कोल्हापूर अशा घाटावरच्या भागांतून माणसे येत. त्या दशकांत शहरात दर हजार पुरुषांमागे सहाशेहूनही कमी स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात नेमके उलटे चित्र असून स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. हा तोल आजही पुरता सावरलेला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे प्रमाण दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया, मुंबई शहर जिल्ह्याचे ८३२ आणि रत्नागिरीचे ११२२ असे आहे. मुंबई आणि रत्नागिरी यांचे हे दोन आकडे वेगवेगळ्या प्रकरणांत छापले जात असल्यामुळे एकाच कुटुंबाची ती दोन टोके आहेत हे सहसा लक्षात येत नाही.

कामगाराने कुटुंब मुंबईला का आणले नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या गावाच्या ओढीत शोधले जाते. ओढ होतीच, पण तिच्या मागचा हिशेब अधिक ठोस होता. गिरणीतली नोकरी कायम नव्हती. ‘बदली’ म्हणून लागलेला माणूस रोज सकाळी दरवाजाशी उभा राही आणि कामगार भरणाऱ्या मुकादमाने, म्हणजे जॉबरने, घेतले तर त्या दिवसाचे काम मिळे. कायम झालेल्याच्या पगारातही चाळीतल्या खोलीचे भाडे, धान्य आणि मुलांचे पालनपोषण एकत्र भागणे कठीण असे. दुसरीकडे, कोकणातील भातखाचरे आणि नाचणीची वरकस जमीन इतकी तुटपुंजी, आणि १९४९ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत खोतीचा भार इतका जड, की तेवढ्यावर घर चालत नसे. परंतु ती जमीन कसणारे हात काढून घेतले तर तिच्यावरचा हक्कही धोक्यात येई. म्हणून पुरुष मुंबईत, स्त्री, मुले आणि म्हातारी माणसे गावात, अशी कामाची वाटणी झाली. या वाटणीत गिरणीमालकाचा फायदा मोठा होता. कामगाराचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण यांचा खर्च गाव उचलत असल्यामुळे पगार एका माणसाच्या पोटापुरता ठेवला तरी चालत होते. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात गावाशी असलेला कामगाराचा संबंध तोडू नये, उलट तो व्यवस्थित चालू राहू द्यावा, असे मत दिले. आयोगाने हे कामगाराच्या हितासाठी म्हटले असले तरी बेकारी, आजार आणि वार्धक्य यांची जबाबदारी घेण्यास कोणी तयार नसलेल्या व्यवस्थेला ते सोयीचेही होते. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये आला. तोवर विमाही गावच होते आणि निवृत्तिवेतनही. १९२८ चा सार्वत्रिक संप जवळपास सहा महिने चालला, त्याचे श्रेय संघटनेइतकेच त्या भातालाही द्यावे लागते, जे संपकऱ्यांच्या बायकांनी आणि आयांनी पिकवले होते.

शहरातील टोकाला जी व्यवस्था उभी राहिली ती कुटुंबाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. एका गावचे लोक मिळून एखादा गाळा किंवा खोली भाड्याने घेत, भाडे वाटून घेत, आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एक कामावर गेला की दुसरा त्याच्या जागी अंथरूण टाके. गावकरी मंडळे भिशी चालवत, मयताला मदत करत, गावच्या देवळासाठी वर्गणी काढत. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांची आणि कामगारांची ‘कूड’ नावाची गावनिहाय वसतिस्थाने धोबी तलाव आणि गिरगाव परिसरात होती, ती याच जातीची व्यवस्था. जेवण खानावळीत होई. ही खानावळ म्हणजे बहुधा दुसऱ्या एखाद्या कामगाराचे बिऱ्हाड असे. त्याची पत्नी किंवा विधवा पंधरा-वीस पुरुषांचा दोन वेळचा स्वयंपाक करी, डबे भरी आणि पैसे पगाराच्या दिवशी घेई. म्हणजे गिरणगावातील पुरुष नात्यागोत्याच्या नसलेल्या स्त्रीच्या चुलीवर वर्षानुवर्षे जेवत होता, आणि ज्या चुलीवर त्याचा हक्क होता, जिच्यासाठी तो कमावत होता, तिथले अन्न त्याला गणपतीत, शिमग्यात आणि जमल्यास मे महिन्यात मिळत होते. एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब, ही कसोटी येथे दोन्ही बाजूंनी फसते.

या खानावळवालीकडे कुटुंबाच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. तिचे काम घरातच चालत असल्यामुळे ती कामगार गणली गेली नाही, आणि ते पैसे घेऊन चालत असल्यामुळे ते निव्वळ गृहकृत्यही नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा वीसच्या आसपास होते. वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती जवळजवळ त्यांचीच होती. पुढे यंत्रे बदलली, रात्रपाळीवर बंदी आली, प्रसूतिविषयक कायद्यांमुळे स्त्री कामगार मालकाला महाग वाटू लागली, आणि संसार पुरुषाच्या पगारावर चालावा ही कल्पना मालक आणि कामगार पुढारी या दोघांनीही मान्य केली. परिणामी स्त्रिया गिरण्यांतून बाहेर पडत गेल्या. राधा कुमार यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळाविषयी हे तपशिलाने दाखवले आहे. गिरणीतून बाहेर पडलेली आणि कधीच आत न गेलेली अशा दोन्ही स्त्रियांना खानावळ हा एक मार्ग उरला. १९७४ च्या संपात या स्त्रियांनी उधारीवर कामगारांना जेवू घातले आणि स्वतः सावकाराच्या कर्जात रुतल्या. गोवा मुक्तिसंग्रामातून मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा संपाचा हा एवढा मोठा आधार पहिल्यांदा कागदावर आला.

गावातल्या टोकाला कुटुंबाचा कारभार बहुधा सासऱ्याच्या किंवा सासूच्या हाती असे. टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डरची सोय सुरू केली, आणि कोकणातील घरांचे अर्थकारण पुढची शंभर वर्षे तिच्याभोवती फिरले. मनीऑर्डर सामान्यतः वडिलांच्या किंवा आईच्या नावाने येई. तरुण सुनेच्या नावाने पैसे आले तर तो घरात वादाचा विषय होई. तिच्या वाट्याला लावणी, कापणी, गुरे, पाणी आणि म्हाताऱ्यांची सेवा असे, आणि तिच्या श्रमाचा मोबदला म्हणता येईल अशी रक्कम दुसऱ्याच्या सहीने पोस्टमन मोजून देई. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांचा जो अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच पुरुष मुंबईला आणि स्त्रिया घरी ही वाटणी नोंदवलेली आहे. घाटावरील गावाविषयीचे हे निरीक्षण कोकणालाही लागू पडते, फरक असलाच तर मुंबईच्या पैशावर अवलंबून असण्याच्या प्रमाणात. ज्या जातींत मामाच्या मुलीशी विवाह पसंत केला जाई, आणि कर्वे यांनी मराठी मुलखाचे हे एक वैशिष्ट्य म्हणून नोंदवले आहे, तेथे सुनेची सासू तिची आत्याच असे. पुरुष वर्षातून दोनदा येणाऱ्या घरात दोन स्त्रियांचे असे रक्ताचे नाते असणे हे जाच कमी करणारे होते की तक्रार करण्याची वाट बंद करणारे, याचा निर्णय घराघरानुसार बदलला असणार, आणि त्याविषयी एकच सिद्धान्त मांडण्याचा मोह टाळलेला बरा. मुंबईत दुसरे बिऱ्हाड करणारे पुरुषही होते. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा १९४६ मध्ये आला. त्याने दुसरे लग्न बेकायदा ठरले, दुसरे बिऱ्हाड थांबलेच असे नाही.

या कुटुंबाकडे शासनाने कसे पाहिले, हा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आजचे बहुतेक तंटे त्यातून निघालेले आहेत. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि शिधापत्रिकेवर कोणाचे नाव आहे यावरून कुटुंब कोणते हे ठरू लागले. ज्यांची नावे गावच्या पत्रिकेवर राहिली ती माणसे मुंबईच्या कागदापुरती परकी झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठवले आणि भाडेकरू मरण पावल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळण्याची तरतूद केली. चाळीतली दहा बाय बाराची खोली ही त्यामुळे कामगाराच्या आयुष्यातील सर्वांत मौल्यवान मालमत्ता ठरली, आणि ती कोणाकडे जावी याची कसोटी नाते आणि सहवास अशी दुहेरी झाली. तीस वर्षे गावची शेती सांभाळणारी पत्नी मृत्यूसमयी सोबत राहत नव्हती. नोकरीसाठी येऊन काकाच्या खोलीत राहिलेला पुतण्या राहत होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यातही सोबत राहणारा कुटुंबीय नसेल तेव्हाच इतर वारसांचा विचार होतो. कायद्याने घरट्याला ओळखले, कुटुंबाला नाही.

जमिनीच्या बाबतीत कायद्याची दृष्टी याच्या अगदी उलट होती, आणि तरीही तोटा त्याच स्त्रीचा झाला. १९४८ च्या कूळकायद्यात ‘जातीने कसणे’ याची जी व्याख्या आहे तिच्यात स्वतःच्या श्रमाबरोबर कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीच्या श्रमाने कसणेही येते. गिरणीत साचे चालवणारा माणूस म्हणूनच गावात कूळ राहू शकला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी कसत असलेल्या जमिनीचा मालक ठरू शकला. कसत होती त्याची पत्नी किंवा आई. तिचा श्रम कायद्याने मान्य केला तो त्याचा श्रम म्हणून, आणि सातबाऱ्यावर नाव लागले ते त्याचे. कुटुंब ही एकसंध गोष्ट मानण्याची किंमत कोण देते, हे समजून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. एकत्र कुटुंबाच्या ऱ्हासाविषयी हळहळणाऱ्या लेखनात हे उदाहरण येत नाही, यात नवल नाही.

मुलींचा प्रश्न पुढच्या पिढीत आला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये तिला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचे स्थान दिले. व्यवहारात तलाठ्याकडे वारसनोंद होताच बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत रूढ आहे, आणि ते देण्यामागे माहेर तुटू नये ही भीती जितकी असते तितकीच, मुंबईच्या भावाने शिक्षणाला आणि लग्नाला पैसे पाठवले होते ही आठवणही असते. कोकणात याला आणखी एक पदर आहे. चार भावांपैकी तीन मुंबईत आणि एक गावात असेल तर सातबारा सामाईकच राहतो. गावचा भाऊ कसतो म्हणून हक्क सांगतो, मुंबईचे भाऊ घराच्या कौलांपासून आईच्या औषधापर्यंत पैसे आपण पुरवले असे म्हणतात, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. तीन पिढ्या वाटणी न झाल्यामुळे एका गुंठ्यावर पंचवीस-तीस नावे चढलेले उतारे तलाठी कार्यालयांत सर्रास दिसतात. हे उतारे भांडकुदळपणाचे लक्षण म्हणून वाचण्यापेक्षा, दोन ठिकाणी पसरलेल्या कुटुंबाचा जो हिशेब कोणी कधी लिहूनच ठेवला नाही त्याची ही थकबाकी म्हणून वाचणे अधिक उचित ठरेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. कामगारांनी याही वेळी गावाची वाट धरली. परंतु १९२८ च्या गावात आणि १९८२ च्या गावात फरक पडला होता. मधल्या काळात जमिनीचे तुकडे झाले होते, घरे मनीऑर्डरवर अधिक अवलंबून झाली होती, आणि पुष्कळ कामगारांनी बायकामुलांना मुंबईत आणलेले होते. संसार मुंबईत आणलेल्या या कामगारांना गावात परतणे सर्वांत कठीण गेले, ही बाब एकत्र आणि विभक्त या वादाच्या दृष्टीने मोलाची आहे : विभक्त कुटुंबाला औद्योगिक समाजाचे स्वाभाविक रूप मानणाऱ्या सिद्धान्ताच्या दृष्टीने ही कुटुंबे सर्वांत पुढारलेली होती, आणि कारखाना बंद पडताच सर्वांत उघडी पडली तीच. घरकाम, शिवणकाम, पापड-लोणची, डबे यांवर स्त्रियांनी ही घरे चालवली.

गिरण्यांच्या जमिनींवर उभारलेल्या घरांपैकी काही घरे १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर नोकरीत असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना सोडतीने देण्याचे ठरले, तेव्हा दीड लाखांच्या घरात अर्ज आले. त्यांतील पुष्कळसे अर्जदार आज वारसदार आहेत, आणि वारस कोण हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे : मुंबईत वाढलेला मुलगा, गावात राहिलेली विधवा, की लग्न होऊन गेलेली मुलगी. घर एक आहे, आणि ज्या कुटुंबाच्या श्रमातून त्यावरचा हक्क निर्माण झाला ते दोन जिल्ह्यांत आणि तीन-चार शिधापत्रिकांत पसरलेले आहे.

या कुटुंबाचा इतिहास लिहिण्याची साधने अजून आहेत, पण ती फार काळ राहणार नाहीत. बी. डी. डी. चाळींचा आणि गिरणगावातील इतर चाळींचा पुनर्विकास चालू आहे. खोल्या रिकाम्या होताना गावकरी मंडळांच्या वह्या, भिशीचे हिशेब, खानावळीच्या उधारीची पुस्तके, मनीऑर्डरच्या पावत्या आणि गावाकडची पत्रे रद्दीत जात आहेत, आणि ज्या स्त्रियांनी ही दोन्ही टोके धरून ठेवली त्यांची शेवटची पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. विद्यापीठांच्या समाजशास्त्र आणि इतिहास विभागांनी, जिल्हा ग्रंथालयांनी आणि खुद्द गावकरी मंडळांनी ही कागदपत्रे मिळवून जतन करावीत, आणि या स्त्रियांची निवेदने त्यांच्या मुलाच्या किंवा नातवाच्या तोंडून नव्हे, तर त्यांच्याच तोंडून, मालवणीत, संगमेश्वरीत किंवा घाटावरच्या बोलीत, नोंदवून घ्यावीत.